आजोबांचा फॉर्म मी भरला

तुमचे आजोबा आता चालत नाहीत. त्याचं जे कारण बाबाने तुम्हाला सांगितलं आहे, ते खरं नाही. बाबा खोटं बोलला असं नाही. त्याला खरं ठाऊकच नाही. ठाऊक असलेली माणसं दोनच, आजोबा आणि मी, तुमची आजी. आजोबा कधी सांगणार नाहीत, म्हणून मी लिहून ठेवते आहे. तुम्ही हे आत्ता वाचा नाहीतर मोठेपणी वाचा, पण वाचून झालं की बाबालाही द्या. मी त्याला तीनदा सांगायला गेले. तिन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवला.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्नानंतर बावीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी खात्याची इंग्रजी पत्रं टाइप केली. त्यामुळे आमच्या इमारतीतला प्रत्येक फॉर्म माझ्याकडे यायचा. पासपोर्ट असो, विमा असो, कोणाच्या मुलीचं कॉलेज असो. खालच्या मजल्यावरचे म्हणायचे, "काकूंनी भरलेला फॉर्म कधी परत येत नाही." मला त्याचा अभिमान होता. आजोबांचे फॉर्म तर त्यांनी जन्मात कधी भरले नाहीत. मी बोट ठेवीन तिथे सही करायची, एवढंच त्यांचं काम.

आजोबा आकुर्डीच्या कंपनीत मशीन शॉपला होते. दिवसभर लेथसमोर उभं राहायचं. शेवटची काही वर्षं त्यांची बदली चाकणला झाली. मग आठ तास उभं राहणं आणि वर कंपनीच्या बसमधला प्रवास. घरी आले की ते चप्पल काढायलाही वाकायचे नाहीत, पायानेच ती काढून भिंतीकडे सरकवायचे. निवृत्त झाल्यावर पाठ जरा निवली असं वाटलं. पण दोन वर्षांपूर्वी कंबर पुन्हा धरली आणि दुखणं डाव्या पायात उतरायला लागलं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत आले तरी मध्ये थांबून ओट्याला धरायचे.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे तुमच्या बाबाची आत्या, तळेगावच्या पुढे एका खेड्यात राहते. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी एका बाईंना घेऊन आली. त्या बाई पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, "वन्सं, आपण डॉक्टरांना तरी दाखवू."

"वैनी, तुमचं डॉक्टर कुटं पळून चाललंय? आदी हिचा पाय लागू द्या. दादा परवा टेकडी चढतुय का न्हाई बगा."

आजोबा चटईवर पालथे झोपले. त्या बाई लाजून पदर तोंडाला लावून उभ्या. "येवड्या मोठ्या मानसाला लाथ कशी घालू वो मी?"

"घाल गं," वन्सं म्हणाल्या. "ल्हानपनी मला लई बडवलंय यानं. माज्या वाटची बी एक घाल."

आजोबा हसायला लागले, आणि हसलं की कळ यायची, म्हणून "अगं हसवू नका, हसवू नका" म्हणत कण्हायला लागले. तीन सकाळी तो कार्यक्रम झाला. खरं सांगते, दोन दिवस त्यांना बरं वाटलं. नंतर पुन्हा तेच.

मग तुमच्या बाबाने फोन केला. त्याची मान दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून आखडायची आणि तो तिकडे परदेशात एका कायरोप्रॅक्टरकडे जायचा. हे लोक औषध देत नाहीत, सुई टोचत नाहीत, हातांनी मणक्यांच्या सांध्यांवर नेमका दाब देतात. त्याने तिथे बसून चिंचवडचं एक क्लिनिक शोधलं आणि वेळही ठरवून टाकली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. क्लिनिक त्याने शोधलं होतं, म्हणूनच पुढे त्याचा राग एवढा मोठा झाला. माणूस स्वतःवर रागावला की आधी दुसऱ्याला धरतो.

क्लिनिकची डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. परदेशात शिकून परत आलेली. केस वर बांधलेले, पायात कापडी बूट. आजोबा पहिल्या दिवशी तिला बघून माझ्या कानाशी म्हणाले, "ही माझी पाठ वळवणार? हिच्याने बाटलीचं झाकण तरी निघेल का?" पण तिने पहिला तासभर पाठीला हातच लावला नाही. जुने एक्स-रे बघितले, हाडं ठिसूळ आहेत का ते तपासून आणायला लावलं, टाचेवर चालायला सांगितलं, चवड्यावर चालायला सांगितलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. मी तेव्हा फॉर्म भरला, चार पानी, इंग्रजीतला. एकेक उत्तर आजोबांना विचारून, अगदी खरं भरलं.

आजोबांना तिचं काम लगेच पटलं, पण चुकीच्या कारणाने. ते म्हणाले, "कळलं मला. शाफ्ट एका रेषेत नसला की बेअरिंग खातं. तुम्ही अलाइनमेंट करता."

ती हसली. "काका, पाठ म्हणजे शाफ्ट नाही. मी सरकलेलं हाड जागेवर बसवत नाही, कोणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आखडलेला सांधा मी हलता करते. त्याने दुखणं कमी होतं, मग तुम्ही चालता, आणि खरं काम ते चालणं करतं."

"मग साखर पण कमी होईल का हो? पेपरात वाचलं होतं."

"साखरेसाठी तुमचे डॉक्टर आहेत. माझ्याकडे कंबर आणि मान. त्यातही काहींना फरक पडतो, काहींना नाही."

मला ती मुलगी आवडली. जे येत नाही ते येत नाही म्हणणारी माणसं मी नोकरीत फार थोडी बघितली होती.

आठवड्यातून दोनदा आम्ही जायचो. बाहेरच्या बाकावर कोण कोण भेटायचं. चाकणच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारे, मानेला हात लावून बसलेली कॉम्प्युटरवाली मुलं, आणि पिंपरीत गॅरेज असलेले एक मिस्त्री. आजोबा त्यांना भाईजान म्हणायचे. मानेमुळे त्यांचं डोकं सतत दुखायचं आणि गाडी मागे घेताना मान वळायची नाही.

"साहेब," ते म्हणायचे, "चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या जॅकवर चढवल्या. आता ही पोरगी मला चढवते."

"आवाज आला का आज?" आजोबा विचारायचे.

"आला की! कडकन. मी म्हटलं, गेली चेसिस. उठून बघतो तर मान फिरतेय. गुडघ्याचं पण विचारलं राव, तर म्हणते ते डिपार्टमेंट वेगळं."

आजोबांना फरक पडायला दीड महिना लागला. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ते माझ्यामागून चालत जाऊन दार उघडून आले. ओट्याला हात न लावता. मी काही बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. तिने शिकवलेले व्यायाम ते रोज करायचे, तिने सांगितलं म्हणून दर अर्ध्या तासाने उठून दोन पावलं टाकायचे, आणि ती म्हणाली होती तसं चालायला लागले. महिन्याभराने ते दुर्गाटेकडीवर जाऊन आले. वरून त्यांनी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला होता, आठवत असेल. धाकट्याने विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही धापा का टाकताय?" आणि आजोबा म्हणाले होते, "अरे, टेकडी धापा टाकतेय, मी नाही."

ते आठ महिने आमचे चांगले गेले. हे आधी लिहिलं, कारण त्या मुलीच्या हातांनी आजोबांना जे दिलं ते तुमच्या बाबाच्या रागात वाहून गेलं आहे.

मग आम्ही तुमच्याकडे यायचं ठरवलं. तिकिटं आली. मी यादी केली, कपाटाच्या दाराला चिकटवली आणि दीड महिना आधीपासून एकेक ओळ खोडत गेले. निघायला वीस दिवस असताना आजोबांनी मोठी बॅग वजनकाट्यावर ठेवायला उचलली. "अहो, मी धरते एका बाजूने" असं मी म्हणेपर्यंत ती उचलून झाली होती. त्यांनी बॅग ठेवली आणि तसेच वाकलेले राहिले. बॅगेत तुमचा खाऊ होता. म्हणून आधीच सांगते, हे तुमच्यामुळे झालं असं चुकूनही मनात आणायचं नाही. बॅग उचलल्याने माणूस पांगळा होत नाही. पुढचं झालं नसतं तर आज ते चालत असते.

दोन दिवस ते पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, बसलं की खाली काही कळत नाही. लहानपणी सायकलवर फार वेळ बसलं की व्हायचं ना, तसं. बधिर."

मी म्हटलं, "पडून राहिल्याने असेल."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि बाथरूमला उभा राहिलो तरी होत नाही पटकन. नळ अडकल्यासारखं."

पन्नास वर्षांच्या संसारात ते माझ्याशी असं काही दुसऱ्यांदा बोलले असतील. मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "वयाचं असतं ते. पाणी कमी पिता तुम्ही." आणि कप घेऊन बाहेर आले.

अकरा वाजता आम्ही क्लिनिकमध्ये होतो. रिक्षातून उतरताना त्यांचा डावा पाय फरफटला. जुन्या पेशंटलाही सहा महिन्यांनी नवा फॉर्म भरावा लागायचा. काउंटरवरच्या मुलीने मला तो दिला. आजोबा बाकावर आडवे झाले होते. मी पेन काढलं आणि माझ्या सवयीने वरून खाली भरत गेले. तिसऱ्या पानावर एक चौकट होती, जाड रेघेची. तिच्यात विचारलं होतं की मांड्यांच्या मध्ये किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, लघवी किंवा शौचावरच्या ताब्यात काही बदल झाला आहे का. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं इतकी ती चौकट ठळक होती. मला तर इंग्रजी वाचता येत होतं.

मी 'नाही'वर खूण केली. दोन्हीकडे.

का केली ते मी गेलं वर्षभर स्वतःला विचारते आहे. पहिलं उत्तर लाजेचं. काउंटरवर वीस वर्षांची मुलगी बसलेली, आमच्या घरातलं असलं तिने कशाला वाचायचं? पण ते अर्धंच उत्तर आहे. मला त्या चौकटीचा अर्थ पुसट का होईना कळला होता. इथे 'हो' लिहिलं तर ही मुलगी हात लावणार नाही, दवाखान्यात पाठवील, तिथे ऑपरेशन म्हणतील, आणि सतरा-अठरा दिवसांनी विमान आमच्याशिवाय जाईल, हे मला दिसत होतं. आजोबांच्या खात्यातल्या एकाचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, तो नंतर उठलाच नाही, अशी गोष्ट कंपनीत सगळ्यांना पाठ होती. मला तुमच्याकडे यायचं होतं. मोठीचा एक दात पडला होता, तो हसताना दिसतो तो मला समोरून बघायचा होता.

अजून एक संधी होती. आत गेल्यावर डॉक्टरने फॉर्म चाळला आणि तरीही तोंडाने विचारलं, "काका, लघवीला काही त्रास? खाली कुठे बधिर वाटतंय?"

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. ते तिला बेटा म्हणायचे. नातीच्या वयाची नव्हे, पण मुलीच्या वयाची ती. तिच्यासमोर हे कसं बोलायचं, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल, ही सांगेल. डॉक्टरांसमोर नेहमी मीच सांगायची, किती दिवस खोकला, कोणती गोळी, किती वाजता. ते नुसते मान हलवायचे.

मी म्हटलं, "नाही हो, तसं काही नाही त्यांना."

आणि आजोबांनी मान हलवली.

डॉक्टरने तपासलं. डाव्या अंगठ्याची ताकद कमी वाटते म्हणाली. "काकू, एमआरआय करून घ्या, एक-दोन दिवसांत. तो बघितल्याशिवाय मी जोर देणार नाही." तिने त्या दिवशी कडकन आवाज येईल असं काही केलंच नाही. कुशीवर झोपवून हलक्या हाताने थोडा ताण दिला, बर्फाने शेकायला सांगितलं, आणि दारापर्यंत सोडायला आली. "पाय जड वाटला किंवा लघवी अडली तर वेळ बघू नका, सरळ हॉस्पिटलला जा आणि मला फोन करा," असं तिने दारात म्हटलं. मी म्हटलं, "हो, हो."

एमआरआयची वेळ मी चार दिवसांनंतरची घेतली. त्याआधी मिळत होती. पण दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस प्रवासाचे कागद घेऊन येणार होता.

एमआरआयच्या आदल्या सकाळी आजोबा बाथरूममध्ये पडले. पाय घसरला नव्हता, पाय नव्हताच. पोट फुगून घट्ट झालं होतं, लघवी आदल्या दुपारपासून झालेली नव्हती. ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. का सांगावं? मी सांगितलं होतंच ना, वयाचं असतं म्हणून.

शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून त्यांना दोन मजले खाली नेलं. दवाखान्यात सर्जनने त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला. "बसायच्या जागी बधिर कधीपासून आहे?" या वेळी आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "तीन दिवस," ते म्हणाले.

"तीन दिवस?" सर्जन माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही आज आणता?"

त्यांनी मला समजावून सांगितलं. मणक्यांमधली चकती फुटून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाबली गेली होती. पाय, लघवी, शौच सगळं त्या नसांवर. असा दाब लवकरात लवकर काढावा लागतो. मी विचारलं, मानेकंबरेचा जो हातांचा उपचार असतो त्याने झालं का? ते म्हणाले, "तो हलका हात होता म्हणता, तर त्याने झालं असं मी म्हणणार नाही. नाहीच असंही छातीठोक कसं सांगू? पण तीन दिवस गेले, हे मात्र नक्की." ऑपरेशन त्याच दुपारी झालं. नसा मोकळ्या केल्या. आता जे परत यायचं ते साधारण वर्षभरात येईल, असं ते म्हणाले. वर्षभर. तो आकडा मी मनात धरून बसले.

बाबा धावत आला. पंधरा दिवस राहिला. आजोबांची नळी, पिशवी, त्यांना कुशीवर वळवणं, सगळं त्याने केलं. परत जायच्या आदल्या दिवशी त्याने त्या क्लिनिकबद्दल इंटरनेटवर लिहिलं. माझ्या चालत्याफिरत्या वडिलांना या बाईने पांगळं केलं, असं. मला वाचून दाखवलं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. इंग्रजीतली एक चूक मी दुरुस्त केली. हो, मी दुरुस्त केली. खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली, बरं झालं सांगितलंत, आम्ही जाणार होतो, आता जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरचा फोन आला. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "काकू, काका कसे आहेत?" मी सांगितलं. तिने काय काय झालं ते एकेक करून विचारलं. मग म्हणाली, "मी त्या दिवशीचे सगळे कागद पुन्हा बघितले. माझ्याकडून काही सुटलं का ते कळत नाहीये. तुम्ही आला तेव्हा काकांना खरंच काही होत नव्हतं ना? मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या पेशंटला मी नीट विचारीन."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आजोबा पलंगावर ऐकत होते.

मी म्हटलं, "नाही गं. तेव्हा काही नव्हतं. नंतरच झालं सगळं."

"बरं," ती म्हणाली. "थँक यू, काकू." तिने मला थँक यू म्हटलं.

संध्याकाळी मी त्यांना जेवण भरवायला बसले तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरीला सांगायचं होतंस."

"तुम्ही का नाही सांगितलंत तेव्हा?" मी एकदम ओरडले. "तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं की," ते म्हणाले. "तू बोललीस, मी गप्प बसलो. दोघांनी मिळून केलं. पण तिने काय केलं होतं?"

त्यानंतर मी बाबाला म्हटलं, ते लिहिलेलं काढून टाक. तो म्हणाला, "आई, तू फार साधी आहेस. कोणाचंही वाईट बघवत नाही तुला." मी विषय बदलून तुमच्या शाळेचं विचारलं. ते क्लिनिक अजून आहे की नाही मला ठाऊक नाही. चिंचवडला जायचं झालं तरी मी रिक्षावाल्याला त्या रस्त्याने नेऊ देत नाही. भाईजान एकदा आजोबांना भेटायला आले होते, दोन मजले चढून. त्यांची मान अजून छान वळते. "साहेब, त्या मॅडमने..." असं काहीतरी ते बोलायला लागले आणि माझ्याकडे बघून थांबले. चहा पिऊन गेले.

आता आमचा दिवस असा असतो. सकाळी एक मावशी येतात, लातूरकडच्या. त्या आणि मी आजोबांना वळवतो, अंग पुसतो, चादर बदलतो. पिशवीतलं मोजून मी वहीत लिहिते. माझ्या वहीत एकही खाडाखोड नसते. तुम्ही फोन करता तेव्हा आजोबांच्या पाठीला तीन उशा लावून त्यांना असं बसवते की पाय दिसू नयेत. चालता येत नाही हे ठाऊक असूनही तुम्ही विचारता, "आजोबा, कधी येणार?" ते म्हणतात, "तिकिटं महाग झालीत रे." फोन ठेवला की उशा काढाव्या लागतात, तेवढ्या वेळातही त्यांची पाठ भरून येते. पाठ दुखते, कमरेपर्यंत सगळं दुखतं. गुडघ्यांखाली काहीच नाही.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येतात, चांगले शांत गृहस्थ. दर महिन्याच्या शेवटी ते आजोबांना डोळे मिटायला सांगतात आणि पायाला टाचणीचं टोक लावत विचारतात, "लागतंय?" सुरुवातीला आजोबा "नाही" म्हणायचे. मांडीच्या वरच्या भागात कुठेतरी "हो" यायचं. मी दाराशी उभी राहून ते 'हो' मोजायची. चौथ्या महिन्यात ते गुडघ्यापर्यंत आले. नंतर तिथेच थांबले.

गेल्या महिन्यात सर्जनने सांगितलेलं वर्ष संपलं. फिजिओथेरपिस्ट आले, आजोबांनी डोळे मिटले. "लागतंय?" "हो." "इथे?" "हो." पोटरीवर हो, घोट्यावर हो. मी पुढे झाले. मावशी पदराने डोळे पुसायला लागल्या. "इथे?" ते म्हणाले. "हो, हो, अंगठ्याला," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, डोळे मिटलेले.

मी बघितलं तर फिजिओथेरपिस्टचा हात हवेत होता. टाचणी कुठेच लागलेली नव्हती. ते माझ्याकडे बघत होते.

आजोबांना माझ्या पावलांचा आवाज आला असणार. मी दाराशी असते हे त्यांना ठाऊक होतं. वर्ष संपलं हेही ठाऊक होतं. ते माझ्यासाठी हो म्हणत होते.

फिजिओथेरपिस्टनी तक्त्याचा कागद काढला आणि हळू आवाजात मला विचारलं, "काकू, काय लिहू?"

आजोबा अजून डोळे मिटून पडले होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच. मी काहीही सांगितलं असतं तर त्यांनी ते चालवून घेतलं असतं, इतकी वर्षं घेतलंच होतं.

"खरं ते लिहा," मी म्हटलं.

आजोबांनी डोळे उघडले. आधी त्यांनी टाचणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे नाहीच का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

फिजिओथेरपिस्टनी लिहिलं, कागद माझ्याकडे दिला, आणि आजोबांच्या पायांचे व्यायाम सुरू केले, एकदा उजवा, एकदा डावा, सांधे आखडू नयेत म्हणून. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा. आजोबा उघड्या डोळ्यांनी ते बघत होते, कोणा दुसऱ्याचे पाय असावेत तसे.